सुवार्तेचे कीर्तन कसे बांधावे

प्रभू येशूने शिष्यांना दिलेली शेवटची आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानात, २८व्या अध्यायात आहे: जा आणि सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. मंडळीत (चर्चमध्ये) ती वारंवार वाचली जाते, तिच्यावर प्रवचने होतात, आणि घरी जाताना लोकांच्या मनात प्रश्न उरतो की नेमके करायचे काय? शेजाऱ्याचे दार वाजवायचे? स्टेशनबाहेर पत्रके वाटायची? रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर वचने पाठवायची? यावर मराठी ख्रिस्ती माणसापाशी स्वतःचे, चांगले मुरलेले उत्तर आहे आणि तेच आपण माळ्यावर टाकून दिले आहे. ते म्हणजे कीर्तन.

थोडा इतिहास. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले. बाजारात, जत्रेत उभे राहून बोलायचे आणि छापील पुस्तिका वाटायच्या, ही त्यांची सुरुवातीची रीत. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकडे (आजचे अहिल्यानगर) कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती लोकांनी वेगळा मार्ग धरला. श्रोत्यांना बसवले, टाळ-पेटी घेतली आणि येशूचे चरित्र कीर्तनातून सांगितले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांनी आणि पदांनी या कीर्तनाला घरची भाषा मिळाली. गोव्यात हे त्याआधी अडीचशे वर्षे ओळखले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, ते जुनी पुराणे सुटलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना ऐकायला काहीतरी हवे होते म्हणूनच. आणि आपल्याकडे फारसे माहीत नसलेले नाव तंजावरचे: वेदनायकम शास्त्री. तिथले मराठे राजे सरफोजी आणि ते, दोघेही मिशनरी श्वार्ट्झ यांचे विद्यार्थी. एक गादीवर बसला, दुसरा तमिळमध्ये ख्रिस्ती गीते आणि कथा रचत गावोगावी गाऊ लागला. मराठी कीर्तन ज्या दरबारात रुजले होते, त्याच दरबाराच्या सावलीत हे घडले.

कीर्तन साक्षीसाठी, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला सांगण्यासाठी, चालते याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. श्रोता मांडी घालून बसलेला असतो, शंभरांतला एक असतो, कोणी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून उत्तर मागत नसते. कंटाळा आला तर तो उठून जाऊ शकतो. कथा आवडली तर कथेपुरता थांबू शकतो. दारावर येऊन बोलणारा माणूस ही मोकळीक देऊ शकत नाही. पण हीच मोकळीक आपण शेवटच्या दहा मिनिटांत काढून घेतली की कीर्तन मोडते. बहुतेक ख्रिस्ती कीर्तने मोडतात ती इथेच, आणि त्याची बीजे पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या निरूपणाच्या पहिल्या भागात, पडलेली असतात. म्हणून सुरुवातीपासून बघू.

नारदीय कीर्तनाचा ढाचा बहुतेकांना माहीत असतो: नमन, मूळपद, त्यावर निरूपण, मधला नामगजर, मग उत्तररंगातले आख्यान, शेवटी पुन्हा मूळपद आणि समारोप. ख्रिस्ती कीर्तनाला हाच ढाचा पुरतो. नमनाला पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांची स्तुती, आरतीच्या जागी प्रार्थना. पारंपरिक कीर्तन दोन-तीन तास चालते, आजच्या श्रोत्यांना दीड तास धरावा. त्यात नमन पाच मिनिटे, पूर्वरंग पंचवीस, मधले भजन पाच, आख्यान पंचेचाळीस आणि समारोप दहा. ही विभागणी घड्याळ लावून पाळा. पूर्वरंग पंचवीसचा चाळीस झाला की आख्यान पळवावे लागते, आणि लोक तर आख्यानासाठीच आलेले असतात.

उदाहरणासाठी जक्कयाचे, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या जकातदाराचे, आख्यान घेतो. लूकचे शुभवर्तमान, अध्याय १९, ओव्या (बायबलमधली क्रमांकित वचने) १ ते १०. दहाच ओव्या आहेत, पण त्यात गर्दी आहे, झाड आहे, विनोद आहे, कुजबुज आहे, आणि शेवटी पैशाचा चोख हिशोब आहे. पहिल्यांदा कीर्तन बांधणाऱ्याने हेच घ्यावे, उधळ्या पुत्राच्या वाटेला जाऊ नये. ती कथा सगळ्यांना पाठ असते, आणि ती सांगणारे बहुधा धाकटा मुलगा घरी आला की थांबतात. लूकने ती तिथे थांबवलेली नाही. थोरला मुलगा अंगणात रुसून उभा आहे आणि बाप त्याची समजूत घालतो आहे, यावर ती संपते, आणि थोरला आत गेला की नाही हे सांगितलेले नाही. ते पेलायला अनुभव लागतो.

मूळपद आधी ठरवा. आख्यान ज्या एका वाक्यावर उभे राहणार, ते वाक्य पदात असले पाहिजे. जक्कयाच्या कथेत ते दहाव्या ओवीत आहे: मनुष्याचा पुत्र हरवलेले शोधायला आणि तारायला आला आहे. टिळकांचा किंवा दुसऱ्या कुणाचा अभंग या आशयाचा मिळाला तर उत्तम. नाहीतर स्वतः चार ओळी बांधा. मोठ्या अभंगाचे गणित सोपे आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक. उदाहरणार्थ:

हरवल्या जीवां । शोधीत तू येसी ।
नावें बोलाविसी । दयाघना ॥

गर्दीने जयासी । नाकारिली वाट ।
त्याच्या घरी ताट । मागितले ॥

अक्षरे बोटावर मोजा. एक अक्षर जास्त झाले की मागे झील धरणाऱ्यांचा (साथीला ओळ उचलून गाणाऱ्यांचा) गोंधळ उडतो आणि तबला पुढे निघून जातो. पद दोन कडव्यांपेक्षा मोठे नको, कारण ते लोकांच्या तोंडी बसायला हवे. पहिल्या दहा मिनिटांत धृपद, म्हणजे पदाची परत परत येणारी ओळ, तीनदा म्हणवून घ्या. समारोपाला तेच परत येणार आहे, आणि लोकांनी ते आपणहून उचलले तर अर्धे काम झालेले असते.

पूर्वरंगात सिद्धांत मांडायचा. इथली मुख्य चूक म्हणजे रविवारचे प्रवचन उचलून आणणे. प्रवचन विश्वास ठेवणाऱ्यांसमोर होते. शास्त्र प्रमाण आहे हे तिथे गृहीत असते, म्हणून एका वचनावरून दुसऱ्यावर उडी मारली तरी चालते. अंगणात बसलेल्या दीडशे लोकांतल्या शंभरांना ‘रोमकरांस पत्र’ म्हणजे काय हेही ठाऊक नसते. त्यांना आठ वचने ऐकवून काही सिद्ध होत नाही. पूर्वरंगात एकच वचन घ्या आणि ते रोजच्या अनुभवातून सिद्ध करा. हरवणे म्हणजे काय? जत्रेत पोर हरवते तेव्हा ते रडत असते, पण कधीकधी हरवलेल्या पोराला आपण हरवलो हेच कळलेले नसते, ते फुग्याच्या मागे मजेत चाललेले असते. शोधणारी आईच कासावीस असते. एवढ्या दृष्टांतावर पंधरा मिनिटे निरूपण करता येते, आणि त्यात प्रत्येक श्रोत्याला आपली जागा सापडते.

मंडळीतली आपली रोजची बोली इथे बाजूला ठेवावी. ‘देवाचा कोकरा’, ‘रक्ताने धुतलेले’, ‘नवा जन्म’ हे शब्द आपल्या कानांना गोड लागतात. वल्हांडणाची, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या रात्री कापलेल्या कोकराची, कथा माहीत नसलेल्या माणसाला त्यातून काहीच हाती लागत नाही. एखादा शब्द टाळता येत नसेल तर त्याच दमात उलगडून सांगा, आणि एका कीर्तनात असे दोनपेक्षा जास्त शब्द येऊ देऊ नका.

संतवचनांबद्दल. तुकोबा, नामदेव, जनाबाई यांचे अभंग मराठी कीर्तनकाराने टाळायचे म्हटले तरी टळत नाहीत, आणि टाळूही नयेत. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. पण पूल वापरणे वेगळे आणि पूल आपल्याच मालकीचा असल्याची पाटी लावणे वेगळे. अभंग घेतला तर पूर्ण घ्या, त्याचा अर्थ वारकऱ्याने लावला असता तसाच लावा, आणि ‘तुकोबांना खरे तर येशूच अभिप्रेत होता’ असले काही बोलू नका. ते खरे नाही, आणि समोर एकजण जरी पंढरीला जाऊन आलेला असेल तर पुढचा तासभर तो मनातल्या मनात तुमच्याशी भांडत बसेल. प्रेषित पौल अथेन्सला अरीयपगात (तिथल्या सभेत) उभा राहिला तेव्हा त्याने तिथल्याच कवींची ओळ घेतली आणि त्यावरून पुढे स्वतःचे म्हणणे मांडले. त्या कवींना त्याने आपल्यात ओढले नाही.

हीच मर्यादा वेशालाही लावावी. उपरणे, फेटा, चिपळ्या, झांज हे कीर्तनाचे आहे, ते खुशाल घ्या. बुक्का, गंध, तुळशीची माळ ही दुसऱ्याच्या उपासनेची खूण आहे, ती घेऊ नये. काहींना हे फार सोवळे वाटते. माझ्या मते खरेपणासाठी एवढे हवेच. कीर्तन ख्रिस्ती आहे हे श्रोत्याला पहिल्या पाच मिनिटांत नव्हे, निमंत्रणातच कळले पाहिजे. फलकावर आणि पत्रिकेवर ‘ख्रिस्ती कीर्तन’ असे स्पष्ट लिहा, आख्यानाचा विषयही लिहा. ‘भव्य भक्तिसंध्या’ असे मोघम नाव देऊन गर्दी जमवली तर लोकांना अर्ध्यावर फसल्यासारखे वाटते, आणि त्या गावात पुन्हा कोणी बोलावत नाही.

आता आख्यान. इथे वेळ घाला.

आधी संदर्भ गोळा करा, कारण तपशिलाशिवाय आख्यान पोकळ वाजते. यरीहो यरुशलेमेपासून साधारण २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीच्याही खाली वसलेले, उष्ण हवेचे, खजुरीचे आणि सुगंधी बलसमाचे गाव. व्यापाऱ्यांची वाट तिथून जाते, म्हणून जकात. रोमी अमलात जकात वसूल करण्याचे हक्क मक्त्याने दिले जात. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरी आणि वर जे काढील ते त्याचे. जक्कय तर मुख्य जकातदार, म्हणजे त्याच्या हाताखाली वसुली करणारे इतर. महाराष्ट्रात जकात नाक्याच्या आठवणी अजून ताज्या आहेत, श्रोते इथे हसतात. हसू द्या, पण गावातल्या कोणा अधिकाऱ्याचे किंवा पुढाऱ्याचे नाव घेऊ नका. टाळी मिळेल, पण कथा हातची जाईल.

मग प्रसंग पाडा. जक्कयाला चार पुरतात: गर्दी, झाड, घर, हिशोब. प्रत्येक प्रसंगाला दोन ते तीन पद्ये आणि मधे गद्य. गद्य सलग चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त चालू देऊ नका, पेटी थंड पडली की श्रोताही थंड पडतो. वर्णनाला ओवी, हालचालीला साकी, भावनेला पद, धावपळीला कटाव (जलद लयीतली रचना), हे जुने वाटप आजही बिनचूक आहे. साकीच्या प्रत्येक ओळीत १६ आणि १२ मात्रा असतात:

उंबर चढला ठेंगू जक्कय, पानांआड लपोनी ।
प्रभू थांबले तळी तयाच्या, वरती दृष्टि करोनी ॥

मराठी बायबलात झाड उंबराचे आहे, आणि ते छान जमते. तिकडचे झाडही उंबराच्याच कुळातले, खाली फांद्या फुटणारे, बुटक्या माणसाला चढता येणारे. पण उंबर म्हटले की आपल्याकडे औदुंबर आणि दत्तमहाराज आठवतात, हे ध्यानात असू द्या. त्यावरून कोटी नको आणि गूढ संबंधही जोडायला नको, झाडाला झाडच राहू द्या.

जक्कयाच्या उंचीवर विनोद करायचा मोह होतो. खरा विनोद उंचीत नाही. गावातला श्रीमंत, मोठ्या हुद्द्याचा माणूस अंगरखा सावरत रस्त्यावरून पळतो आणि पोरासारखा झाडावर चढतो, यात तो आहे. त्या काळी मोठ्या माणसाने पळणे हेच लाजिरवाणे. हे नीट उभे केले तर समोर बसलेला कोणी बुटका माणूसही मनापासून हसतो.

गर्दीवर खास मेहनत घ्या. सातव्या ओवीत सगळे कुरकुरतात की हा पापी माणसाच्या घरी उतरायला गेला. कीर्तनकाराने इथे दोन-तीन आवाज काढावेत: एक म्हातारा, एक व्यापारी, एक धार्मिक गृहस्थ. श्रोते आधी त्यांना हसतात. मग त्यांच्या लक्षात येते की आपणही हेच बोललो असतो. हे त्यांना सांगू नका. सांगितले की ते सावध होतात.

सातव्या आणि आठव्या ओवीच्या मधे शास्त्र गप्प आहे. जेवताना येशू जक्कयाशी काय बोलला, हे लूकने लिहिलेले नाही. आणि नेमके याच ठिकाणी कीर्तनकार आपले ठेवणीतले प्रवचन बाहेर काढतो. येशूच्या तोंडी पाप, न्याय, नरक, कृपा सगळे घालून वीस मिनिटे बोलतो. सगळ्या आख्यानातली ही सर्वांत महाग चूक. येशूने जक्कयाला ऐकवले असे एकही दटावणीचे वाक्य शास्त्रात नाही. तो फक्त नावाने हाक मारतो आणि तुझ्या घरी मला उतरायचे आहे म्हणतो. म्हणून इथे गद्य बंद करा, पेटीवर मूळपदाची चाल संथ वाजू द्या, मिनिटभर. मग जक्कय उभा राहतो आणि बोलतो.

तो बोलतो ते आकड्यांत. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लबाडीने घेतले त्याला चौपट. हा आकडा किती मोठा हे श्रोत्यांना हिशोब करून दाखवा. मोशेच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेले आपणहून कबूल केले तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे हजाराला बाराशे. चौपट ही भरपाई निर्गमाच्या २२व्या अध्यायात आहे, चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले तर. जक्कयाने स्वतःला जकातदाराचा नियम लावला नाही, चोराचा लावला. हजाराला चार हजार. हा हिशोब कीर्तनात सावकाश मांडला की शेतकरी, दुकानदार, कारकून सगळे पुढे सरकून ऐकतात, आणि पश्चात्ताप हा शब्द एकदाही न वापरता त्यांना तो समजतो.

वाद्यांबद्दल फार लिहीत नाही. पेटी, तबला, झांज आणि झील धरायला दोघेजण पुरेत. पुरुषाला काळी एक किंवा दोन, बाईला काळी चार किंवा पाच हा साधारण स्वर. पण दीड तास बोलायचेही आहे, म्हणून एरवी गाता त्याच्यापेक्षा अर्धा स्वर खाली घ्या. धृपदाला भजनी ठेका किंवा केरवा ठेवा, अवघड तालात श्रोते टाळी धरू शकत नाहीत. हातात चिपळ्या असतात म्हणून माईक स्टँडवर लागतो. कॉलरचा माईक झांजेचा आवाज उचलतो आणि शब्द बुडवतो. स्पीकर कीर्तनकाराच्या पुढच्या रेषेत ठेवा, मागे ठेवले तर शिट्टी मारतात.

उघड्यावर ध्वनिवर्धक लावायचा तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आधी घ्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. खेड्यात जेवणे, गुरांचे आटोपून लोक आठाला येतात. आठला सुरू केले तर साडेनऊला संपते, आणि अर्धा तास हाताशी उरतो. दीड तासाची मर्यादा अशीही उपयोगी पडते. नाताळ, हंगामाचा सण, वास्तू, घरातल्या कोणाचा स्मृतिदिन, अशा निमित्ताने एखाद्या कुटुंबाने आपल्या अंगणात कीर्तन ठेवणे सगळ्यांत चांगले. बोलावणारा गावचाच असतो, शेजारी त्याच्या घरी आलेले असतात. स्मृतिदिनाला जक्कय नको, तिथे अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांची कथा घ्या, येशूच्या मरणाने खचलेल्या ज्या शिष्यांना तो जिवंत भेटला. नाताळला गोठा सगळेच सांगतात, तुम्ही मंदिरात बाळ येशूला पाहणारे शिमोन आणि हन्ना घ्या, श्रोत्यांतली म्हातारी माणसे डोळे पुसतात.

कायद्याचेही भान हवे. संविधानाच्या कलम २५ने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच वेळी सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. कीर्तनकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की आपला विश्वास मोकळेपणाने सांगा, पण कीर्तनाला जोडून कपडे, धान्य, शाळेची फी, औषधे यांपैकी काहीही वाटू नका. गरजूंना मदत करायची तर ती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या निमित्ताने, कीर्तनाला न आलेल्यांनाही करा. कायदा नसता तरी हे असेच करायला हवे होते. भाकरीच्या बदल्यात मिळालेला होकार भाकरीचाच असतो.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करा म्हणून कोणी आला तर जरूर करा, साध्या शब्दांत, शक्यतो घरच्या लोकांसोबत, स्टेजवर नव्हे. बरे होण्याची हमी देऊ नका आणि गोळ्या बंद करा असे चुकूनही बोलू नका. चमत्काराचा गाजावाजा करून लोकांना फसवणे किंवा पैसे मिळवणे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मधुमेहाच्या माणसाने तुमच्या शब्दावर इन्सुलिन सोडले तर काय होईल हे सांगायला कायदा लागत नाही.

आता ती शेवटची दहा मिनिटे. हिशोब संपला, मूळपद परत आले, लोक गात आहेत. इथे हात वर करायला लावणे, पुढे बोलावणे, ‘आज रात्री तुम्ही मेलात तर?’ असे विचारणे, हे सगळे बाहेरच्या सभांतून आले आहे आणि कीर्तनाच्या अंगाला ते लागत नाही. दीड तास ज्याला मोकळे ठेवले त्याला एकदम कोंडीत पकडल्यासारखे होते. दीडशे लोकांत चार हात वर होतात, त्यातले दोन मुलांचे असतात. मुलांकडून कसलाही निर्णय मागू नये, हे तर वेगळे सांगायला नको. समारोपाला जक्कयाच्या घरी तारण आले हे येशूचे वाक्य सांगा, मूळपद दोनदा म्हणा, सर्वांसाठी छोटी प्रार्थना करा: पाऊसपाणी, गावातले आजारी, परीक्षेची मुले, ज्या घरी कीर्तन झाले ते घर. मग प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद. मंडळीबाहेरचे लोक आले असतील त्या रात्री दानाची थाळी फिरवू नका.

लूककृत शुभवर्तमानाच्या सुट्या पुस्तिका बाजूच्या टेबलावर ठेवा. हातोहात वाटल्या की वाटेत पडतात, किंवा कोणाला तरी भीड घालून दिल्यासारखे होते. ज्याला हवी तो थांबून घेतो, आणि थांबलेला माणूस बहुधा काहीतरी विचारतो. टेबलाशी मंडळीतले असे दोघे ठेवा की ज्यांना ऐकता येते. पेत्राने पहिल्या पत्रात सांगितले आहे की विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. उत्तर विचारणाऱ्याला द्यायचे आहे, हे अनेकदा विसरले जाते. श्रोत्यांचे चेहरे चित्रित करून समाजमाध्यमांवर टाकू नका. एखाद्या बाईने घरी न सांगता कीर्तन ऐकले असेल आणि तुमच्या उत्साहाने तिच्या घरी वादळ उठेल. चित्रण हवेच असेल तर कॅमेरा फक्त कीर्तनकार आणि साथीदारांवर लावा.

अथेन्समध्ये पौलाचे ऐकून काहींनी थट्टा केली, काही म्हणाले याविषयी पुन्हा ऐकू, आणि थोडेच त्याला येऊन मिळाले. आपल्याकडेही प्रमाण साधारण असेच पडते. यातल्या मधल्या लोकांसाठी पुढची तारीख त्याच रात्री जाहीर करा, महिन्या-दीड महिन्यानंतरची, त्याच अंगणात, आख्यान वेगळे. विहिरीवर येशूशी बोललेल्या शोमरोनी स्त्रीची कथा दुसऱ्या वेळी चांगली जाते, मात्र तिला दोन आवाज लागतात, म्हणून झील धरणाऱ्यांत एक बाई हवी.

दुसऱ्या दिवशी साथीदारांसोबत बसून कीर्तनाच्या वहीत नोंद करा: कोणत्या प्रसंगाला लोक हलले, कुठे मागची रांग बोलायला लागली, कोणत्या पदाला झील मिळाली नाही, प्रत्येक भागाला प्रत्यक्षात किती मिनिटे गेली. मागच्या रांगेची बोलणी बहुतेक वेळा गद्य लांबल्याच्या ठिकाणी सापडतात. तेवढे गद्य कापा, त्या जागी एक ओवी घाला, आणि तेच आख्यान आणखी दोन गावांत करून मगच दुसरे बांधायला घ्या.